जुने ज्यू ग्रंथ वाचण्यात आयुष्य घालवलेल्या अभ्यासकाच्या हाती शेवटी काय लागतं?

मी मोडी कागदपत्रं वाचते, हिब्रू मला येत नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि सॉलोमन शेख्टर आठवले.

जन्म १८४७ चा, आजच्या रुमानियातला. तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचं, अध्ययन लहानपणापासूनच, मग व्हिएन्ना, बर्लिन. १८८२ मध्ये इंग्लंडला आले ते खासगी शिकवणीसाठी. केंब्रिजला शिकवायला लागले तेव्हा चाळिशी उलटली होती.

मे १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी प्रवासात विकत घेतलेली काही जुनी पानं त्यांना दाखवली. त्यातलं एक जीर्ण पान बेन सिरा या प्राचीन ज्यू लेखकाच्या नीतिबोधाच्या ग्रंथाचं निघालं, तेही हिब्रूत! हा ग्रंथ तोवर ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांवरूनच माहीत होता. मग शेख्टरना तो ओळखू कसा आला? तालमूदमध्ये आणि इतरत्र विखुरलेली त्याची अवतरणं वेचून त्यांनी १८९१ मध्येच एक लेख छापला होता. शेख्टर यांच्या पुढच्या कैरोच्या मोहिमेचं कौतुक सगळेच करतात, मला मात्र तो लेख मोठा वाटतो. तो लिहिताना असं पान कधी समोर येईल याची काय खात्री होती?

अशी आणखी पानं शोधायला १८९६ च्याच डिसेंबरात ते कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पोहोचले. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून जुने कागद तिथल्या एका खोलीत टाकून देत, तिला गेनिझा म्हणतात. खोलीला दार नाही, भिंतीत उंचावर भोक, शिडी लावून आत उतरायचं. दप्तराचा रुमाल सोडला की नाकात जाणारी धूळ मला ठाऊक आहे. तिथे तर शतकांची साठलेली. तब्येतीवर परिणाम झालाच. केंब्रिजला सुमारे १,९३,००० तुकडे आले. मलबारात व्यापार करणाऱ्या ज्यूंची पत्रंही गेनिझात होती.

पुढे १९०२ मध्ये न्यूयॉर्कला एका धर्मविद्यापीठाचे प्रमुख झाले.

पण ऑक्सफर्डचे अभ्यासक मार्गोल्यूथ यांनी बेन सिराच्या पानांतलं ते हिब्रू मूळ नाहीच, मागाहून केलेलं भाषांतर आहे, असं ठासून मांडलं होतं. तो वाद न मिटताच १९१५ मध्ये शेख्टर गेले. १९६४ मध्ये इस्रायलमधल्या मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात बेन सिराची हिब्रू गुंडाळी सापडली, इसवी सनापूर्वीची. केंब्रिजच्या पानांतला मजकूर मुळात तोच होता.