नवीन डोमेन घेतलं तर ऑफरचे मेल स्पॅममध्ये जायचे थांबतील का?

नाही, डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातला @ च्या पुढचा भाग, बदलू नका. नव्या डोमेनची कुठे ओळखच नसते. त्यावरून पहिल्याच दिवशी हजारो मेल सुटले तर जीमेल उलट जास्त संशय घेतं.

तुम्ही म्हणता, गोव्यात काणकोणला गेस्टहाऊस आहे, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही मेलची ओळख पटवणारी डोमेनची रेकॉर्डं सगळी लावलीत, तरी चवथीनंतर जुन्या पाहुण्यांना पाठवलेली ऑफर स्पॅममध्येच जाते. त्या रेकॉर्डांवरून मेल खरोखर तुमचाच आहे एवढंच कळतं. लोकांना तो हवा आहे की नाही, हे जीमेल त्यांच्या वागण्यावरून ठरवतं.

मी पर्वरीत बसून हॉटेलवाल्यांचे मेल सांभाळतो. आपल्याकडचं दुखणं ठरलेलं: जून ते सप्टेंबर चिडीचूप, आणि ऑक्टोबर उजाडला की अख्खी यादी एका दिवसात. स्पॅमवालेही असंच करतात. शिवाय तोवर पाहुणा तुम्हाला विसरलेला असतो, तो सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

आधी यादी चाळा. बुकिंग साइटवरून आलेले पत्ते बहुतेकदा पाहुण्याचे नसतातच. साइटने दिलेले तात्पुरते पत्ते असतात आणि काही काळाने बंद पडतात. ते काढा. बाउन्स झालेले, म्हणजे जिथून मेल न पोचता परत आला ते पत्ते, त्याच दिवशी काढा. रजिस्टरमधून उतरवलेलेही काढा; चेक-इनला पत्ता लिहून दिला म्हणजे ऑफर मागितली असं होत नाही. मेल उघडला की नाही या आकड्यावर फार विसंबू नका, ॲपलच्या मेल ॲपमुळे तो 2021 पासून फुगलेला असतो. क्लिक, उत्तर, बुकिंग हे बघा.

मग ऑगस्टपासूनच, गेल्या हंगामात ज्यांनी उत्तर दिलं किंवा थेट बुकिंग केलं अशा शे-दोनशे जणांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये तुमचे किती मेल लोकांनी स्पॅम ठरवले ते दिसतं; ते प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा, 0.3 ला पोचू देऊ नका. म्हणजे हजारात तीन तक्रारीसुद्धा जास्तच. मेल कमी जात असतील तर तिथे आकडे दिसणार नाहीत, त्याने घाबरू नका. एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय गूगलने 2024 पासून जीमेलवर रोज सुमारे 5000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना त्यांच्या प्रचाराच्या मेलसाठी सक्तीची केली. तुम्ही तेवढे पाठवत नसाल, तरी द्या. नाव काढता आलं नाही की माणूस तक्रार करतो.

ऑफर वेगळ्या सबडोमेनवरून, म्हणजे तुमच्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावरून, पाठवा, बुकिंगचं कन्फर्मेशन तिथून नको. नाहीतर पाहुणा मोपा विमानतळावर उतरून तुमच्या गेस्टहाऊसचा पत्ता स्पॅममध्ये शोधत बसेल.