सस्पेन्सला 'रहस्य' म्हणावं का?

म्हापशाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पाहिलेल्या एका थरारपटाच्या पहिल्या प्रसंगावर ती मराठीत लिहिते आहे. दिग्दर्शक सुरुवातीलाच जे टेन्शन उभं करतो, त्याला 'रहस्य' म्हणावं, 'तणाव' म्हणावं की 'उत्कंठा'?

'रहस्य' आधी बाजूला ठेवा. रहस्य म्हणजे प्रेक्षकापासून लपवलेली गोष्ट, आणि अशा प्रसंगात छाती धडधडते ती बहुतेकदा काहीतरी कळल्यामुळे. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक यासाठी टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला देत असे. बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. तो तिथे आहे हे आधी दाखवलं, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही तो १५ मिनिटं श्वास रोखून ऐकतो. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाची सुरुवात बघा. हात दिसतात, बॉम्बचं घड्याळ लावलं जातं, तो गाडीच्या डिकीत जातो. मग क्रेनवरचा कॅमेरा उंच उठतो आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकही कट न घेता, सीमेवरच्या त्या गावातून गाडीच्या मागेपुढे फिरत राहतो. बॉम्ब कुणी ठेवला हे रहस्य आहेच, पण त्या तीन मिनिटांत त्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

'उत्कंठा' मला फार आवडतो. उत् अधिक कंठ, म्हणजे मान उंचावून वाट पाहणं. पण त्यात ओढ आहे. शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वाचं हृदय उत्कंठेने भरून येतं, ते मायेने. निकालाची उत्कंठा असते, पाहुण्याची असते. बॉम्ब फुटण्याची उत्कंठा म्हटलं की कानाला खटकतं. 'पुढे काय होणार याची उत्कंठा' मात्र बिनधास्त लिहा.

'तणाव' चूक नाही. तंबूच्या दोऱ्यांना तणावे म्हणतात, तेव्हा प्रतिमा योग्यच आहे. पण 'सीमेवर तणाव', 'गावात तणावपूर्ण शांतता' अशा बातम्यांतून तो दोन गटांच्या वैराला चिकटून बसला आहे.

माझं मत 'ताण' या शब्दाला. संस्कृत तन् म्हणजे ताणणं, पसरणं. गाण्यातली तान त्याच धातूची. आपल्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. होडीतून जाळं अर्धगोलात सोडलेलं असतं, दोन टोकांना माणसं दोर ओढत असतात, आणि कितीतरी वेळ पाण्याबाहेर फक्त दोर दिसतो. मासळीची पिशवी सगळ्यांत शेवटी येते. तोवर दोर ढिला पडून चालत नाही. वेल्सने कट टाळला तो याचसाठी. पडद्यावरचा वेळ आणि घड्याळातला वेळ एकच झाला, की प्रेक्षकाला सुटायला जागा उरत नाही. स्फोटाचा आवाज आला की मगच कट येतो, पेटलेल्या गाडीवर. चौकटीबाहेरून येणारा आवाज, पात्राच्या पाठीमागे मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा, हेही दोर ओढण्याचेच प्रकार. तेव्हा 'संकलनाने ताण राखला', 'ध्वनीने ताण वाढवला' असं लिहा.

आता सस्पेन्स. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या टांगण्याच्या क्रियापदावरून आला, आणि आपण कधीपासून म्हणत आलो आहोत: जीव टांगणीला लागला. तीच प्रतिमा, आयती घरात. तरी परीक्षणांत सर्रास 'रहस्यमय वातावरण' छापलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. 'पहिल्याच प्रसंगात प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो' हे वाक्य जास्त अचूक आहे, आणि आजीलाही कळेल.

क्रियापद मात्र जपून निवडा. 'दिग्दर्शकाने प्रसंग ताणला' म्हणजे उगाच लांबवला, ही तक्रार झाली. 'प्रसंग ताणून धरला' म्हणजे सैल पडू दिला नाही, ही दाद.