बँकॉकला शिकवायला निघालीस, तर

आधी व्हिसा. काही शाळा म्हणतात, "टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं इथं बघू." अजिबात ऐकू नकोस. नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा हातात आल्याशिवाय सांगली सोडायची नाही, आणि वर्क परमिट निघेपर्यंत वर्गात उभं राहायचं नाही. शिवाजी विद्यापीठाची पदवी, गुणपत्रकं यांचं साक्षांकन इथूनच उरकून घे, नाहीतर मागं घरच्यांना फेऱ्या. तिथं सलग राहिलीस तर दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. विसरलीस की 2,000 बाट दंड.

घर स्कायट्रेनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असंच बघ, भाडं जास्त पडलं तरी. विश्रामबागेतून स्कूटीवर झटकन गावभागात जायची सवय आपली. तिथल्या ट्रॅफिकमध्ये जीव जातो.

शाकाहारी आहेस, म्हणून सांगते: भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे', म्हणजे कडक शाकाहारी, लिहिलेलं दुकान शोध. तिथं कांदा-लसूणही नसतो, ते सोसायचं. डाळी, हिंग, मसाले पाहुरातला, तिथल्या भारतीय बाजारात, मिळतात, त्यानं बॅग भरू नकोस. भडंग मात्र ने. स्टाफरूममध्ये ओळखी पटकन होतात.

वर्गात आवाज चढवायचा नाही. एका पोराला चारचौघांत झापलंस की अख्खा वर्ग तुटतो. सहशिक्षकांचंही तेच, तक्रार असली तर बाजूला घेऊन, हसत सांग.

आणि आईला फोन जरा लवकर कर. तिथलं घड्याळ दीड तास पुढं. तू झोपायला निघशील तेव्हा इकडं भाकरी तव्यावर असते.