जातमुचलक्यातली 'जात' कोणती?

आर्णीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. त्यांचा चुलतभाऊ विहिरीवरची मोटार चोरल्याच्या केसमध्ये आत आहे. कोर्टानं त्याला 'पंधरा हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार' या अटीवर सोडायचा आदेश दिला. गावातल्या एका जाणत्यानं सल्ला दिला, "जातमुचलका म्हणजे जातीचा दाखला लागन. व्हॅलिडिटी असन तं अजून बरं." सेतूच्या चकरा झाल्या, भाऊ आतच. तर या शब्दातली जात कोणती आणि मुचलका म्हणजे काय, असं त्यांनी विचारलंय.

आधी कामाचं सांगतो: दाखला लागत नाही. ही जात ती नव्हेच.

आपल्या रोजच्या बोलण्यातली जात संस्कृत 'जाति'पासूनची, जन्माला चिकटलेली. जातमुचलक्यातली जात अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली. मूळ उच्चार 'ज़ात', अर्थ स्वतः, खुद्द. 'साहेबांनी जातीनं लक्ष घातलं' म्हणताना साहेबांची जात कोणी काढत नसतं. जुन्या कागदांत 'जातखुद्द' येतं, तेही हेच. मोगलांच्या मनसबीत 'जात' आणि 'स्वार' असे दोन आकडे असत: पहिला माणसाच्या स्वतःच्या दर्जाचा, दुसरा त्यानं बाळगायच्या घोडेस्वारांचा. मुचलका हा तुर्की शब्द, लेखी कबुली या अर्थाचा. तेव्हा जातमुचलका म्हणजे आरोपीनं स्वतःच लिहून दिलेली हमी, की तारखेवर हजर राहीन, न राहिलो तर एवढी रक्कम भरायला बांधील आहे.

पेपरात 'वैयक्तिक जातमुचलका' छापून येतं, म्हणजे स्वतःचा स्वतःचा मुचलका. ते एक वेळ सोडून देऊ. त्याहून महागात पडणारा गैरसमज वेगळा आहे. 'पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका' वाचून लोकांना वाटतं पंधरा हजार भरले. त्या दिवशी दमडीही द्यायची नसते. नगदी भरायचे ते 'रोख जामिना'त. हा फरक न कळल्यानं घरात ठेवलेला कापूस पडत्या भावात विकून नोटा घेऊन कोर्टात आलेले लोक मी पाहिलेत.

गावात मुचलका हा शब्द कानावर पडतो तो बहुधा दुसऱ्याच वाटेनं. पोळा, गणपती, निवडणूक आली की ठाण्यातून नोटीस निघते आणि तहसिलीत जाऊन शांतता राखायचा मुचलका लिहून द्यावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून याला सगळे 'एकशेसात' म्हणतात. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम आता १२६ झालं, तोंडातला आकडा काही बदलला नाही. त्यामुळे मुचलका हा गावगुंडाचा कागद अशी समजूत बसलीय आणि घरचे लोक वकिलालाही त्याबद्दल धड विचारत नाहीत.

आता आदेशातला दुसरा शब्द. अरबीत 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहिलो' या वाक्यात तो माणूस अजून शाबूत आहे. 'जामीन मंजूर झाला' म्हणताना तो गळून पडला, नुसती सुटका उरली. त्या माणसानं घेतलेली हमी ती जमानत. आपल्याकडे विदर्भात 'जमानत झाली', 'जमानतदार भेटला नाही' असं सर्रास बोलतात, आणि पुण्याकडची मंडळी हा हिंदीचा शिरकाव म्हणून नाक मुरडतात. व्युत्पत्तीच्या हिशेबानं आपलाच शब्द सरस आहे. जामीन मुळातच माणूस, त्याला पुन्हा 'दार' कशाला? रुळलाय म्हणून चालवून घ्यायचा.

जातमुचलक्याला दुसरा माणूस लागत नाही, जमानतीला लागतो, आणि गाडी अडते ती इथंच. जमानतदार सातबारा घेऊन येतो. बाबूचं बोट सरळ 'इतर हक्क' या रकान्यावर जातं: सोसायटीचा बोजा. दुसऱ्याला आणलं तर सातबारा अजून आजोबाच्या नावावर, फेरफारच झालेला नाही. तिसऱ्याची जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. तिघंही पिढीजात कास्तकार, कागदावर एकही 'लायक' नाही. मग कोर्टाबाहेर किरायाचा जमानतदार शोधायचा. तोही परवडला नाही की माणूस जामीन मंजूर होऊनसुद्धा आतच.

जेलच्या बोलीत शिक्षा लागलेला तो पक्का कैदी, खटला चालू असलेला तो कच्चा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसं होती ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे पक्का एकही नसता, तरी बराकी भरलेल्याच राहिल्या असत्या. गर्दीचा विषय निघाला की नव्या इमारतींचे आराखडे पुढे येतात. जातमुचलक्याचा कागद त्याच्या कितीतरी पट स्वस्त आहे.

सर्वोच्च न्यायालयानं हे १९७८ मध्येच ओळखलं होतं. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे जातमुचलक्यावरच, सोडायला सांगितलं. यवतमाळचा आरोपी आणि वाशीमचा साळा, अशा जोड्या आजही परत पाठवल्या जातात. २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, आणि महिनाभरात हमी देता आली नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा.

नव्या संहितेनं तर शब्दांचीच वाटणी करून दिली. जामीनदारासह तो 'बेल बॉण्ड', जामीनदाराशिवाय तो नुसता 'बॉण्ड'. कलम ४७९ म्हणतं, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बॉण्डवर सोडावं. म्हणजे जमानतदाराची भानगडच नको. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी ही सवलत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष झालं की हक्क लागू. अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकावर आहे. जामीनपात्र गुन्हा असेल तर त्याहून सोपं: अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी निर्धन आहे असं कोर्टाला धरून चालता येतं आणि निर्धनाला जातमुचलक्यावर सोडायचं असतं.

गुन्हा शाबीत झाल्यावरही हा कागद उपयोगी पडतो. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायची सोय आहे. 'परिवीक्षा' हा शब्द मात्र कोणाच्याच तोंडी बसला नाही, आणि बसेल असंही वाटत नाही. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर आता सामुदायिक सेवेची शिक्षा आहे.

वाचकांनी अर्जाचं वाक्यही विचारलं होतं. 'जामीनदाराची अट शिथिल करून आरोपीस केवळ जातमुचलक्यावर मुक्त करावे' एवढं पुरे. शब्द जोडून लिहायचा, सामान्यरूप 'जातमुचलक्या-'. 'मुचलिका' असंही कुठं कुठं दिसतं, ते टाळा. वकील लावायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. तिथं जाताना कोर्टाच्या आदेशाची नक्कल तेवढी सोबत न्या.