नीलजिव्हा: रक्तात प्रतिपिंडं सापडली, तरी मेंढी पुन्हा आजारी का पडली?

पोळा उलटला आणि परतीच्या पावसाने काळी जमीन चिंब झाली की आमच्याकडे मेंढरांचे प्रश्न वाढतात. या वेळी सगळ्यांत नेमका प्रश्न आलाय कंधार तालुक्यातल्या एका मेंढपाळ दादांचा. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या खांडात नीलजिव्हा, म्हणजे मेंढरांचा ब्लूटंग हा विषाणूचा रोग, येऊन गेली. नंतर रक्त तपासलं, अहवालात 'प्रतिपिंडं आढळली' (म्हणजे रोगाशी लढायला रक्तात तयार होणारी प्रथिनं सापडली) असं लिहून आलं. यंदा त्यातल्याच काही मेंढ्यांची तोंडं सुजली, नाकावर खपल्या धरल्या, चालताना पाठ कमानीसारखी वाकू लागली. दादा विचारतात, "साहेब, तपासणी खोटी का मेंढीची ताकद खोटी?"

दादा, दोन्ही खऱ्या आहेत. पण आधी रोग तोच आहे का ते बघून घ्या. लाळ्या खुरकुतात तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, पीपीआरमध्ये, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीत, हगवण लागते, माव्यात ओठांवर जाड खपल्या येतात आणि तो जास्त करून कोकरांना होतो. नीलजिव्हेची खूण पायाशी सापडते. जिथे कातडी संपून खूर सुरू होतो, तिथली लोकर बाजूला करा. त्या कडेला लालसर-जांभळा पट्टा दिसला आणि दाबल्यावर मेंढीने पाय झटकला, तर संशय पक्का धरा. जीभ निळी पडलेली मेंढी क्वचितच बघायला मिळते, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

आता मूळ प्रश्न. नीलजिव्हेचा विषाणू एक नाही, त्याचे 24 हून जास्त प्रकार आहेत आणि त्यातले बरेच आपल्या देशात फिरतात. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. देशातली त्याची पहिली नोंद 1964 साली आपल्याच राज्यातल्या शेळ्यामेंढ्यांत झाली. विषाणूच्या बाहेरच्या कवचावर एक प्रथिन असतं आणि ते प्रकारागणिक बदलतं. विषाणूला पेशीत शिरण्याआधीच निकामी करणारी प्रतिपिंडं याच प्रथिनाला धरतात. म्हणून एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकारापुढे बहुतेक वेळा उपयोगी पडत नाहीत. नेहमीची एलायझा तपासणी मात्र आतल्या थरातल्या, सगळ्या प्रकारांत सारख्या असणाऱ्या प्रथिनाची प्रतिपिंडं शोधते. तिचा निकाल एवढंच सांगतो की या जनावराचा कुठल्यातरी नीलजिव्हेशी कधीतरी संबंध आला होता. यंदाच्या प्रकारापासून ते सुरक्षित आहे का, हे त्या कागदावर नसतं.

मग गेल्या वर्षीचा आजार अगदीच वाया गेला का? तसंही नाही. प्रतिपिंडांखेरीज मेंढीच्या अंगात दुसरी फळी असते, ती पेशींची. विषाणू एकदा पेशीत घुसला की प्रतिपिंडं तिथे पोचत नाहीत. पण पेशीत वाढताना त्याच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मारक टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, ते तुकडे ओळखतात आणि विषाणूची पैदास पुरी होण्याआधी ती पेशीच मारून टाकतात. यातले बरेचसे तुकडे विषाणूच्या आतल्या कामकाजी प्रथिनांचे असतात, आणि ती प्रथिनं वेगवेगळ्या प्रकारांत बरीच सारखी असतात. प्रतिपिंड चोराला सदऱ्यावरून ओळखतं, टी-पेशी चालीवरून. सदरा बदलला तरी चाल बदलत नाही, म्हणून ही फळी दुसऱ्या प्रकारालाही काही अंशी अडवते. 1984 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी रोगातून उठलेल्या मेंढीच्या लसिका पेशी (टी-पेशी यांतल्याच) तिच्याच जुळ्या भावंडात सोडून हे तपासलं. संरक्षण मिळालं, पण अर्धवट.

'अर्धवट' हा शब्द लक्षात ठेवा. टी-पेशी विषाणूला दारातून आत येण्यापासून रोखत नाहीत, आत आल्यावर निपटतात. त्यात विषाणू सुरुवातीलाच मेंढीच्या बचाव पेशींवर हात टाकतो. पहिल्या आठवड्यात, ऐन तापात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. पहिल्यांदाच लागण झालेल्या मेंढीत मारक पेशींचा जोर साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसतो. एकदा आजारी पडून उठलेल्या मेंढीत स्मृती पेशी असल्याने तो लवकर येऊ शकतो. तुमच्या खांडातल्या जुन्या मेंढ्या पुन्हा पडल्या, पण पहिल्यांदा पडलेल्यांपेक्षा लवकर चरायला लागल्या का, हे जरूर कळवा. माझा अंदाज तसाच आहे.

यावरून एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. तोंडाची सूज चटकन उतरते म्हणून गावोगाव डेक्साचं इंजेक्शन टोचलं जातं. ते स्टिरॉइड आहे. सूज उतरते हे खरं, पण ज्या टी-पेशींच्या भरवशावर मेंढी उठणार, त्यांनाच ते दाबतं. गाभण मेंढी शेवटच्या टप्प्यात असेल तर वेळेआधी विण्याचाही धोका असतो. ताप-वेदनेसाठी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्या. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. फुफ्फुसात जिवाणू शिरू नयेत म्हणून डॉक्टर ते देतात. बाकी सेवा घरचीच: मेंढी सावलीत बांधा, कारण उन्हाने हा रोग चिघळतो. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा, ज्वारीची पातळ आंबील आणि कोवळा पाला द्या. उपाशी मेंढीच्या बचाव पेशीही उपाशीच. खनिज मिश्रण द्यायचं तर मेंढीचंच द्या. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, मेंढीला ते विषासारखं बाधतं.

भूम भागातून एका ताईंनी विचारलंय की लस दिली तर पुन्हा होणार नाही ना. आपल्याकडची लस मृत विषाणूंची आहे आणि तिच्यात 1, 2, 10, 16 व 23 असे पाच प्रकार आहेत. या पाचांविरुद्ध ती चांगली प्रतिपिंडं तयार करते. मृत विषाणू पेशीत वाढत नाही, त्यामुळे मारक टी-पेशी जिवंत लागणीइतक्या जोमाने तयार होत नाहीत. या पाचांबाहेरचा प्रकार आला तर लस घेतलेली मेंढीही पडू शकते. तरीही लस द्याच ताई, आणि पावसाळ्याआधी द्या. रोग पसरवणारी चिलटं उठल्यावर धावपळ करून उपयोग नाही. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडं लसीला आडवी येतात, म्हणून कोकरं तीन महिन्यांची झाल्यावरच टोचा. पुढचा डोस कधी, ते बाटलीसोबतच्या पत्रकावर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावर ठरवा.

हा रोग चिलटं पसरवतात. एका मेंढीच्या तोंडाला तोंड लागून तो सहसा जात नाही. रानात मेंढरं बसवताना ओढ्याकाठची, शेणचिखलाची जागा टाळा आणि उंचवट्यावर वाडा लावा. दिवस मावळताना आणि पहाटे चिलटं जास्त चावतात, तेव्हा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. शेजारी गाई-म्हशी असतील तर वाडा लांब ठेवा. त्यांच्यात रोग दिसत नाही, पण विषाणू असू शकतो. माळेगावच्या यात्रेत जनावर घेणार असाल तर नवी मेंढी आणल्या आणल्या खांडात सोडू नका.

माणसाला हा रोग होतो का, हेही बऱ्याच जणांनी विचारलं होतं. होत नाही.

राहिला नमुन्याचा विषय. ताप असतानाच रक्त घ्यायला लावा, ते न गोठणाऱ्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या नळीत हवं. नळी बर्फाच्या डब्यात ठेवा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नका. विषाणू तांबड्या पेशींना चिकटून असतो, म्हणून नुसत्या सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यावर, त्याचा शोध घेणं बरोबर नाही. मेंढी बरी झाल्यावरही पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत, त्याच्या खुणा काही महिने सापडतात. तशा अहवालाने घाबरून चांगली मेंढी खाटकाला देऊ नका. आणि पाठवताना अर्जावर 'प्रकार निश्चित करावा' असं डॉक्टरांना लिहायला सांगा. दादा, तुमच्या खांडात यंदा कुठला प्रकार आलाय, ते त्या एका ओळीवरून कळेल. मेंढ्या उठायच्या आत 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.