डाळिंबाच्या बागेत ओतलेलं क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक जमिनीत किती दिवस राहतं? जिवाणू मरतात का?

साधारण दोन आठवडे ते चार महिन्यांत त्यातलं निम्मं विघटित होतं. जिवाणू सगळे मरत नाहीत, पण काही काळ मंदावतात. हे औषध तोडतात मुख्यतः जिवाणूच, आणि त्यांना ओल व सेंद्रिय कर्ब लागतो. सोलापूरच्या भारी काळ्या, विम्लधर्मी जमिनीत पाण्यानेही ते थोडं लवकर फुटतं. पण उन्हाळ्यात ड्रिपरखालची माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि हातभर पलीकडे नुसती ढेकळं. त्या कोरड्या पट्ट्यात जिवाणूंकडून होणारं विघटन जवळपास थांबतं. शिवाय ते फुटून तयार होणारा टीसीपी हा पदार्थ स्वतःच जिवाणूंना मारक आहे, म्हणून लागोपाठ आळवणी (मुळांशी औषध ओतणं) नकोच.

खरी काळजी मला वाटते ती तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी मारलेल्या बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची; मोरचुदात तांबं असतं. तांबं हे मूलद्रव्य, ते विघटित होतच नाही, वर्षानुवर्षं वरच्या थरात साठतं. कुजलेलं शेणखत आणि आच्छादन द्या. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी बोर्डोच्या आसपास सोडू नका, ती वाया जाते.

मात्र हे आकडे एका औषधाचे आहेत, दुसऱ्याला लावू नका. नेमकं किती उरलंय ते औषधांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माती तपासूनच कळेल. नेहमीच्या माती परीक्षणात अवशेष दिसत नाहीत.