मोबाईलमध्ये म्युझिक प्लेअर यायला इतकी वर्षं का लागली?

तुम्ही विचारलंय की एमपीथ्री प्लेअर होते, मोबाईल पण होते, मग दोन्ही एकात आणायला कंपन्यांना २००५-०६ का उजाडलं, आयडिया कुणाची, आणि आज वेगळा प्लेअर घेण्यात काही अर्थ आहे का. मी त्या काळात मोबाईलच्या दुकानात होतो, काउंटर पण सांभाळायचो आणि रिपेरिंग पण, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, एकात आणायला उशीर झालाच नव्हता. सॅमसंगचा अपरोर नावाचा फोन अमेरिकेत २००० सालीच आला होता, ६४ एमबी मेमरी, तासभराची गाणी. सीमेन्सचा एसएल४५ पण त्याच सुमाराचा, त्याला तर चक्क मेमरी कार्ड, पण ३२ एमबीचं. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, साधारण दर्जाचं) गाणं मिनिटाला साधारण १ एमबी खातं, म्हणजे अर्ध्या तासात कार्ड खल्लास, सात-आठ गाणी. तेवढ्यासाठी कोण पैसे घालणार? त्यामुळे आयडिया एकाच कुणाची असं काही नाही, सगळ्यांनाच सुचलेली होती, मेमरी स्वस्त व्हायची वाट बघणं चाललं होतं.

पण मेमरी स्वस्त झाल्यावर पण अडलंच, आणि ते अडलं हेडफोनच्या भोकाशी. नोकियाची खाली चपटी पिन, सोनी एरिक्सनची तिसरीच, कुणाचं २.५ एमएम, म्हणजे कंपनीच्या हेडफोनचा डावा कान गेला (आधी डावाच का जायचा देव जाणे) की तसलाच शोधत फिरायचं आणि ओरिजिनलची किंमत ऐकून गिऱ्हाईक आमच्यावरच डाफरायचं. साधं ३.५ एमएमचं जॅक द्यायला या लोकांना एवढं जड का जात होतं? ॲक्सेसरीचा धंदा, दुसरं काय.

एक खरी तांत्रिक भानगड मात्र होती. जीएसएम फोन (तेव्हाचे आपल्याकडचे बहुतेक सिमवाले फोन) सलग ट्रान्समिट करत नाही, सेकंदाला साधारण २१७ झटके देतो, आणि २१७ हर्ट्झ आपल्या कानाला मस्त ऐकू येतं. आठवतंय ना, कॉल यायच्या आधी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून टिटिट् टिटिट् टर्रर्र यायचं ते? तेच हे. आता हा ट्रान्समीटर आणि गाण्याचा ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर, बोटभर अंतरावर बसवायचे आणि तरी हेडफोनमध्ये टर्रर्र येऊ द्यायचं नाही. म्हणून बोर्डवर पत्र्याची शील्डं, ग्राउंड नीट, वायरिंग लांबून फिरवलेलं. बऱ्या कंपनीचा फोन उघडला की हे सगळं दिसायचं, आणि हलक्या फोनमध्ये पत्राच गायब असायचा, मग गाणं ऐकता ऐकता मेसेज आला की आधी कानात टर्रर्र.

आता ज्यांनी माती खाल्ली त्यांचं सांगतो. सप्टेंबर २००५, मोटोरोलाचा रॉकर ई१, आत ॲपलचं आयट्यून्स, म्हणजे त्यांचं गाण्यांचं सॉफ्टवेअर. नाव मोठं लक्षण खोटं. कार्डात जागा शिल्लक असली तरी १०० च्या वर गाणी घेऊ द्यायचाच नाही, सॉफ्टवेअरनेच बांधून ठेवलेलं, आणि गाणी भरायची तर कॉम्प्युटरला केबल लावून, ती पण जुन्या स्लो यूएसबीने. खुद्द स्टीव्ह जॉब्स स्टेजवर दाखवत होता की बघा, कॉल संपला की गाणं परत सुरू होतं, तर ते होईचना, चुकीचं बटण दाबलं म्हणाला. आणि त्याच कार्यक्रमात त्याने आयपॉड नॅनो, म्हणजे ॲपलचा स्वतःचा छोटा प्लेअर, काढून दाखवला! आता फोन कोण घेणार?

त्याच वर्षी सोनी एरिक्सनचा डब्ल्यू८०० आला, पांढरा-केशरी, वॉकमनचा शिक्का. माझ्या मते एकत्र करणं म्हणजे काय हे आधी कळलं ते या लोकांना. ५१२ एमबीचं कार्ड डब्यातच, गाण्याचं वेगळं बटण, फोन चालू करताना विचारायचा की फक्त म्युझिक हवंय की फोन पण, आणि हेडफोनच्या वायरीला मध्येच जोड, तिथून काढून आपला घरचा हेडफोन लावता यायचा. पिन त्यांचीच ठेवली पण पळवाट दिली. मग नोकियाचा ५३१० एक्स्प्रेसम्युझिक, बारीक, स्क्रीनच्या बाजूला गाण्याची बटणं, डोक्यावर ३.५ चं जॅक. हा कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला. आयफोन म्हणाल तर आपल्याकडे ऑगस्ट २००८ ला आला तेव्हा ८ जीबीवाला ३१ हजारांना होता, आमच्या काउंटरवर त्याची फक्त चर्चा व्हायची.

आपल्याकडे खरी जोडणी केली चायना फोनने. मीडियाटेकची तयार चिप, त्यात एमपीथ्री, एफएम, दोन सिम सगळं आलं, मागे भलेमोठे स्पीकर. आवाज फाटका पण मोठा, आणि गिऱ्हाइकाला मोठाच हवा असायचा. आमच्या भागात शेतीची लाईट रात्रीची यायची, मग रात्री दोन वाजता ऊस भिजवायला जाणारा माणूस खिशात हा फोन वाजवत जायचा, सोबत पण होते आणि आवाजाने जनावर पण लांब राहतं. त्याला हेडफोन काय करायचाय? हेडफोन लागायचा तो फक्त एफएमला, कारण त्याची वायर म्हणजेच अँटेना. २००९ च्या शेवटी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) नसलेले फोन बंद करायला लागले तेव्हा हेच लोक आयएमईआय टाकून घ्यायला हैराण होऊन फिरत होते.

आणि गाणी यायची कुठून? कॉम्प्युटर होता कुणाकडे! कार्ड भरून द्या म्हणत दुकानात यायचे. कार्ड रीडरला लावायचं, हार्डडिस्कवर फोल्डर पाडलेले, नवीन हिंदी, जुनी हिंदी, लावण्या, भजन-अभंग, डीजे, आणि दोन जीबीत चारेकशे गाणी टाकून द्यायची. कोणतं टाकू विचारलं की उत्तर एकच, चांगलं चांगलं टाका. सगळं पायरेटेड, त्यात लपवण्यासारखं काही नाही, गावोगाव हेच चालायचं. पण रॉकरची गंमत इथे कळते बघा, तिकडे कंपनी १०० वर अडवत होती आणि इथे ज्या फोनला कार्ड बाहेर निघतं आणि ब्लूटूथने गाणं जातं तोच खपत होता. आवाज कसाय हे फार थोडे विचारायचे.

आज वेगळा प्लेअर घ्यावा का? नेटवरून गाणी ऐकत असाल तर मुळीच नको, ॲपलने सुद्धा २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड बंद केला. तुमच्याकडे गाण्यांचा स्वतःचा साठा असेल, वायरचा चांगला हेडफोन असेल आणि फोनला जॅक नसेल, तर आधी टाईप सीला लागणारा छोटा डॅक डोंगल (फोनमधलं डिजिटल गाणं वायरच्या हेडफोनला चालेल असं करून देणारा तुकडा) घेऊन बघा, स्वस्तात काम होतं. त्यानेही समाधान नाही झालं तर प्लेअर घ्या, फक्त घेताना कार्डाचा स्लॉट आहे ना आणि गाणी बदलायला खरी बटणं आहेत ना तेवढं बघा, टचस्क्रीनवालाच घ्यायचा असेल तर फोन आहेच की.